प्रार्थना घरात, अर्ज कलेक्टर कचेरीत

३१ मार्च २०२५ या एकाच दिवशी दोन घटना घडल्या. दिल्लीत भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने निवेदन काढून वक्फ कायद्यातील अन्यायकारक तरतुदी बदलल्या जाव्यात, अशी भूमिका घेतली. त्याच्या आदल्या काही दिवसांत केरळच्या बिशपांनीही आपल्या खासदारांना दुरुस्तीच्या बाजूने मत देण्याचे आवाहन केले होते. त्याच दिवशी जबलपुरात मंडला जिल्ह्यातील कॅथलिक आदिवासी भाविकांची बस अडवण्यात आली. हे भाविक ज्युबिली वर्षानिमित्त शहरातील चर्चच्या यात्रेला निघाले होते. धर्मांतराचा संशय घेऊन त्यांना पोलीस ठाण्यात नेण्यात आले आणि त्यांच्या मदतीला धावलेल्या दोन धर्मगुरूंना तिथेच, पोलिसांच्या देखत, मारहाण झाली. केरळमधील विरोधी सदस्यांनी हा विषय संसदेत आणला, तेव्हा सभागृहासमोर वक्फ दुरुस्तीचेच विधेयक होते. लोकसभेत ते २८८ विरुद्ध २३२ मतांनी संमत झाले. बिशपांचे आवाहन बाजूला ठेवून केरळच्या काँग्रेस आणि डाव्या सदस्यांनी विरोधात मत दिले.

देशातील पुराणमतवादी ख्रिस्ती माणसाची राजकीय कोंडी इतक्या स्पष्टपणे क्वचितच समोर आली असेल. येथे ‘पुराणमतवादी’ हा शब्द शिवीसारखा वापरलेला नाही. पवित्र शास्त्राचे वचन अंतिम मानणारा, विवाह हे संस्कारबंधन आहे असे समजणारा, गर्भपाताला आणि समलिंगी विवाहाला विरोध करणारा, रविवारची उपासना न चुकवणारा आणि राज्यसत्तेचा आदर करणे हे धार्मिक कर्तव्य मानणारा असा हा नागरिक आहे. रोमकरांस पाठवलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातून पौलाने घालून दिलेली ही शिस्त त्याच्या अंगवळणी पडलेली असते. युरोप-अमेरिकेत असा मतदार बहुधा उजव्या पक्षांकडे झुकतो. भारतातील उजवा पक्ष मात्र त्याच्या श्रद्धेकडेच परकी म्हणून पाहतो. कुटुंबाविषयीची त्याची मते एका बाकावर बसतात आणि सुरक्षिततेची चिंता त्याला दुसऱ्या बाकाकडे नेते.

जबलपूरच्या जुन्या शहरातील दीक्षितपुऱ्यासारख्या वस्तीत असा माणूस राहतो, असे समजावे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल, मागाहून आलेली रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना, कचेऱ्या आणि न्यायालय यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे या शहरात येऊन स्थिरावली. शहराच्या दुसऱ्या अंगाला छावणी आणि सिव्हिल लाइन्स. ख्रिस्ती संस्था मुख्यतः तिकडच्या. १८६८ पासूनची सेंट अलॉयशियस शाळा अनेक हिंदू, जैन आणि मुसलमान घरांनीही आपली मानली. लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये पाळक घडले. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ०.२९ टक्के, म्हणजे हजारात तिघेही नाहीत. इतक्या अल्प संख्येला निवडणुकीत वजन नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये मध्य प्रदेशातून एक ख्रिस्ती मंत्री राज्यसभेवर बिनविरोध निवडून आले खरे. पण जॉर्ज कुरियन हे केरळचे. त्यांच्या निवडीमागचे गणित तिकडच्या मतदारांकडे पाहून मांडलेले होते, जबलपूरच्या नव्हे. केरळमध्ये मुनंबमच्या किनाऱ्यावर सुमारे सहाशे कुटुंबांच्या, बहुतांशी लॅटिन कॅथलिक कोळ्यांच्या, जमिनीवर वक्फ मंडळाचा दावा आहे. तेथील बिशपांना वक्फ दुरुस्ती हवीशी वाटली ती या कारणाने. मंडल्याच्या आदिवासी भाविकाला मुनंबम ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि मुनंबमच्या कोळ्यालाही मंडला ठाऊक नसावे. धर्मसभा मात्र एकच असल्याने एकाच्या भूमिकेचा हिशेब दुसऱ्याकडे मागितला जातो.

मराठी वाचकाला या वृत्तीचा पूर्वज शोधायचा असेल, तर नारायण वामन टिळकांपेक्षा नीलकंठशास्त्री गोरे यांच्याकडे जावे लागेल. गोरे चित्पावन, पण जन्म १८२५ मध्ये बुंदेलखंडात, झाशीजवळचा. घराणे बांद्याच्या नवाबाच्या पदरी होते. आजच्या भाषेत सांगायचे तर परप्रांतात नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबातील मुलगा. वाढला काशीत, शास्त्रार्थ करीत. मिशनऱ्यांना वादात हरवायला निघालेल्या या पंडिताने १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. काशीच्या मराठी ब्राह्मण वस्तीत याचे काय पडसाद उमटले असतील, हे सांगायला नको. पत्नी त्यांच्यामागून आली, पण लवकरच वारली. तान्ही मुलगी एलेन लक्ष्मी परक्या घरी वाढली. धर्मांतराची किंमत कायद्याच्या कलमात मोजण्याची सवय आपल्याला अलीकडे लागली आहे. तेव्हा ती घरातच मोजली जाई.

गोऱ्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांचे खंडन केले. १८७० मध्ये ते अँग्लिकन पुरोहित झाले आणि त्यातही उच्च चर्च परंपरेच्या, व्रतस्थ जीवनाकडे वळले. ब्राह्मसमाज आणि प्रार्थनासमाज यांची सर्वधर्मसार वेचणारी उदार ईश्वरभक्ती त्यांना मान्य नव्हती. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती विचारांवर त्यांचा प्रभाव पडला. मात्र रमाबाई कोणत्याच चर्चच्या शिस्तीत पूर्ण मावल्या नाहीत. १८९५ मध्ये गोरे मुंबईत निवर्तले. त्याच वर्षी, फेब्रुवारीत, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. योगायोगाचा फार अर्थ लावू नये, पण येथे वळण निश्चित आहे.

टिळकांना ख्रिस्ताची पहिली ओळख नागपूर ते राजनांदगाव या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाकडून झाली, हे सर्वश्रुत आहे. हा जुन्या मध्य प्रांताचाच टापू. पुढे टिळक राष्ट्राविषयी बोलू लागले, भजन-कीर्तनातून ख्रिस्त सांगू लागले आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त तेथे एका पंगतीला बसावेत, अशी कल्पना होती. मिशनमधील पुराणमतवादी मंडळींना ते रुचणे शक्य नव्हते. बाप्तिस्मा ऐच्छिक झाला तर चर्च कशाला उरले, हा त्यांचा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. गंमत अशी, की बाप्तिस्म्याशी जे काही व्हावे ते सरकारी नोंदीतच व्हावे, असे आजचे राज्यही म्हणते. फक्त त्याचा हेतू निराळा आहे.

त्या नोंदीचा इतिहास जबलपूरशी जोडलेला आहे. १९५४ मध्ये रविशंकर शुक्ल यांच्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणारी समिती नेमली. समितीत एकच ख्रिस्ती सदस्य होते, वर्ध्याचे एस. के. जॉर्ज, आणि ते गांधीवादी. पारंपरिक चर्चचा आवाज म्हणून त्यांच्याकडे पाहता येत नव्हते. १९५६ मध्ये अहवाल आला आणि त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. उच्च न्यायालय, मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला यांच्यासह, जबलपूरला आले. नियोगी अहवालाची मुख्य शिफारस मात्र बारा वर्षे पडून राहिली. १९६८ मध्ये गोविंद नारायण सिंह यांच्या संयुक्त विधायक दलाच्या सरकारने धर्मस्वातंत्र्य कायदा केला. बळजबरी, प्रलोभन किंवा फसवणुकीने धर्मांतर घडवल्यास शिक्षा आणि विधी करणाऱ्या पाळकाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवणे, असे त्याचे स्वरूप होते. जबलपूर उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. ओरिसा उच्च न्यायालयाने तशाच कायद्याविरुद्ध निकाल दिला. १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात दोन्ही कायदे उचलून धरले. अनुच्छेद २५ मधील ‘प्रचार’ या शब्दात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा त्याचा अर्थ.

घटना समितीत याच शब्दावर ६ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली होती. लोकनाथ मिश्रांनी त्याला विरोध केला; टी. टी. कृष्णम्माचारी आणि कन्हैयालाल मुन्शी यांनी तो शब्द राखला. ख्रिस्ती प्रतिनिधींनी स्वतंत्र मतदारसंघ सोडून दिले होते, त्या सौहार्दाची दखल म्हणून या शब्दाकडे पाहिले जाते. पुराणमतवादी ख्रिस्ती माणसाला येथे फसगत झाल्यासारखे वाटते. सुवार्ता सांगणे हा त्याच्या दृष्टीने आज्ञेचा भाग आहे. सांगण्याला मुभा आणि ऐकणाऱ्याने होकार दिल्यास चौकशी, ही विभागणी त्याला पटत नाही. हिंदू समाजाची बाजूही तितकीच खरी आहे: दुष्काळात धान्याबरोबर धर्म वाटला गेल्याच्या आठवणी येथे कपोलकल्पित नाहीत. १९७८ च्या डिसेंबरात ओमप्रकाश त्यागी यांनी लोकसभेत केंद्रीय कायद्याचे विधेयक मांडले, तेव्हा मदर तेरेसांनी मोरारजी देसाईंना खुले पत्र लिहिले होते. सरकार गेले आणि विधेयकही गेले.

राज्याचा हस्तक्षेप मात्र त्याला नेहमीच जाचक वाटला, असे नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला केवळ व्यभिचाराचे कारण पुरेसे होते. बायकोला त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. ही विषमता वाजपेयी सरकारच्या काळात, २००१ मध्ये, संसदेने दूर केली. विवाह अभंग मानणाऱ्या कॅथलिक घरातही त्या दुरुस्तीमुळे कित्येक मुलींची सुटका झाली. चर्चचे न्यायाधिकरण विवाह रद्द ठरवते, त्याला दिवाणी कायद्यात मोल नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. उपासनेत एक नियम, न्यायालयात दुसरा, हे त्याच्या पचनी पडले. २०१४ पासून २५ डिसेंबर ‘सुशासन दिन’ झाला, तेही त्याने सोसले. सरकारी नोकरीतल्या ख्रिस्ती माणसाने नाताळच्या सकाळी कार्यक्रमाला जावे की चर्चला, हा प्रश्न मात्र त्याला घरच्यांपुढे सोडवावा लागला.

दफनाचे दुःख निराळे. छत्तीसगडात, बस्तरमधील एका पाळकाच्या मुलाला वडिलांचे दफन गावात करू दिले गेले नाही. पार्थिव शवागारात पडून राहिले आणि २७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. शेवटी गावापासून दूर, ख्रिस्ती दफनभूमीत जागा देण्याचा आदेश निघाला. नियोगी समितीच्या वेळी बस्तर मध्य प्रदेशातच होते.

२०२१ मध्ये मध्य प्रदेशाने १९६८ चा कायदा बदलून कडक केला. कमाल शिक्षा दहा वर्षांपर्यंत गेली. कलम १० नुसार स्वेच्छेने धर्म बदलणाऱ्यानेही साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे घोषणापत्र द्यावे लागते. म्हणजे मनात आलेली श्रद्धा प्रथम फायलीत यावी. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी जबलपूर उच्च न्यायालयाने हे कलम सकृद्दर्शनी घटनाबाह्य मानले आणि त्याचे उल्लंघन करणाऱ्या व स्वेच्छेने विवाह करणाऱ्या सज्ञान नागरिकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे जानेवारी २०२३ मध्ये या आदेशाला स्थगिती मिळाली नाही.

१९६८ चा कायदा वैध ठरवणारे उच्च न्यायालय आणि २०२२ चा हा आदेश देणारे उच्च न्यायालय एकाच वास्तूत बसते. दीक्षितपुऱ्यातून तेथे रिक्षाने जाता येते.