जेवायला सोबत कोण?



दोन वर्षांपूर्वी नवापूर तालुक्यातल्या एका मुलाची पुण्यातल्या महाविद्यालयाची फी आपण भरली. दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला, तो परत आलाच नाही. नापास झाला नव्हता. मी घरी जाऊन विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "सर, तिथं दिवसभर कुणी माझं नाव घेत नव्हतं." फी भरली की आपलं काम झालं, असं मी धरून चाललो होतो. चूक माझी होती.

तेव्हापासून पुण्यातल्या आपल्या मुलामुलींना भेटत असतो. काय समजलं ते सांगतो. महाविद्यालय सुरू होतं, पण वसतिगृहाची यादी बऱ्याचदा नंतर लागते. तोवर मुलगा गावाकडच्या कुणा दादाच्या खोलीत पथारी टाकून राहतो. पुण्यातल्या वसतिगृहांत अशा मुलाला 'पॅरासाइट' म्हणतात. शब्द कानाला लागतो, पण खरं सांगायचं तर त्याला पहिला आधार त्याच खोलीत मिळतो. तिथं मावचीत बोलायला लाज वाटत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, वर्गात मागच्या बाकावर का बसू नये, हे तिथंच कळतं. एकटी पडतात ती मुलं, ज्यांच्या गावातून आधी कुणी गेलेलंच नाही. आपला मुलगा त्यांतला.

दुसरी गोष्ट जेवणाची. 2018 मध्ये सरकारनं शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट मुलांच्या खात्यात द्यायचं ठरवलं. त्या जुलैत, खानावळ चालू राहावी म्हणून मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. मला तेव्हा तो हट्ट वाटला होता. पण पंगत मोडली की जो तो डबा घेऊन आपल्या खोलीत जातो, आणि नव्या मुलाची ओळख व्हायची ती ताटावरच.

म्हणून आता नव्या मुलामुलींची त्याच भागातल्या वरच्या वर्गातल्या कुणाशी तरी, पुण्याला जाण्याआधी गावातच भेट घालून देतो. आणि मंडळीतली चार घरं रविवारी उपासनेनंतर दोघादोघांना जेवायला नेतात. एका आजींनी पहिल्याच दिवशी मुलीला साक्ष द्यायला सांगितलं. बिचारीला घास गिळेना. आता ठरलंय, आधी जेवण. कांदा चिरायला द्या, ताटं मांडू द्या, पाहुणी म्हणून बसवून ठेवू नका.

नवापूरचा तो मुलगा सध्या वडिलांबरोबर शेती करतो. जूनमध्ये पुन्हा येतोस का, असं त्याला विचारलं आहे. अजून हो म्हणालेला नाही.