माकडहाडापाशी

दहा वाजत आलेत. सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा पोटुशा बायकांनी भरलाय. बाकं केव्हाच संपली. उरलेल्या भिंतीला टेकून फरशीवर बसल्यात. पंखा फिरतोय, वारा मात्र खाली पोचत नाही. प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी. तिच्यात केसपेपर, आधार कार्ड, रक्ताचे रिपोर्ट.

दाराशी सिस्टर फॉर्म एफ भरून घेतेय. गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, अशी सही. जिला सही येत नाही तिचा अंगठा. शाई पदराला पुसली जाते.

आत एसी आहे, तो यंत्रासाठी. खोलीत अंधार. नातेवाइकांना मनाई, मी परवानगीने कोपऱ्यात उभा. गार जेल पोटावर पडतं तशी बाई दचकते. पाचवा महिना. 18 ते 22 आठवड्यांच्या दरम्यान बाळाचा अवयवन् अवयव पाहायचा असतो. डोकं, हृदयाचे चार कप्पे, जठर, मूत्रपिंडं. डॉक्टर मापं सांगतात, सहायक टाईप करते. प्रोब मणक्यावरून खाली सरकतो. माकडहाडापाशी थांबतो.

तिथं एक गोळा आहे. थोडा भरीव, थोडा पाण्याचा. माप 4 सेंटिमीटर. डॉक्टर डॉप्लर लावतात. गोळ्यात लाल-निळं रक्त धावताना दिसतं. गाठीने फार रक्त ओढलं तर बाळाच्या हृदयावर ताण येतो, अंगाला सूज चढते. म्हणून प्रोब पुन्हा हृदयाकडे. मग पोटाकडे, त्वचेकडे, भोवतीच्या पाण्याकडे. सूज नाही.

सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा. साधारण 35 ते 40 हजार जन्मांत एक. नवजात बाळांच्या गाठींत हीच जास्त आढळते, आणि मुलींमध्ये मुलांच्या तीन-चार पट. हे बाळ कोण, ते मात्र इथं कुणी उच्चारायचं नाही. 1994 चा कायदा आहे. बाहेरची गर्दी पाहिली की तो जाचक वाटत नाही.

सासूला आत बोलावतात.

"आजी, बाळाच्या बैठकीपाशी गाठ दिसतेय."

"कॅन्सर हाय का?"

"जन्मताना बहुतेक गाठी साध्या असतात. पण ठेवून चालत नाही. जन्मल्यावर लवकर ऑपरेशन करायचं, माकडहाडासकट काढायची. हाड ठेवलं तर परत येण्याची भीती. बाळंतपण इथं नको, लहान मुलांचे सर्जन आहेत तिथं. गाठ 5 सेंटिमीटरच्या वर गेली तर सिझरच. दोन आठवड्यांनी परत या."

आजी एकच विचारते, तिकडे राहायची सोय काय. डॉक्टर केसपेपरच्या मागे धर्मशाळेचा पत्ता लिहितात.

सून जेल पुसत उठते. "डॉक्टर, बसता येईल ना त्याला?"

"बहुतेक मुलं बसतात, चालतात ताई. लघवी-संडासाकडे लक्ष द्यावं लागतं. आणि ऑपरेशननंतर निदान तीन वर्षं रक्त तपासायला यायचं. तेवढं चुकवू नका."