शेजारच्या विभागाला पत्र, व्हाया उपग्रह

समुद्राखालची केबल २००९ मध्ये केनियातल्या मोंबासाला पोहोचली, तिथे आपण मागच्या लेखात थांबलो होतो. आज तिच्या दरांचं गणित मांडायचं होतं. पण एका वाचकाने विचारलंय : बाहेरची जोडणी इतकी महाग होती, तर पूर्व आफ्रिकेतल्या विद्यापीठांनी निदान आतल्या आत पत्रव्यवहार का सुरळीत केला नाही? प्रश्न दुखऱ्या जागी बोट ठेवणारा आहे. दर पुढच्या आठवड्यात.

केबल येण्यापूर्वी नैरोबी-कंपालाकडे इंटरनेट मुख्यतः उपग्रहावरून यायचं आणि अनेक प्राध्यापकांच्या टपालपेट्या असायच्या याहू-हॉटमेलच्या परदेशी सर्व्हरवर. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. वनस्पतिशास्त्राने खालच्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राला धाडलेलं पत्र जाताना एकदा वर जाऊन उतरणार आणि उघडताना पुन्हा तेवढंच, म्हणजे जवळपास दीड लाख किलोमीटर. यात वेळ फारसा जात नाही. मार बसतो तो जोडणीला. कुलसचिव कार्यालयाने स्कॅन केलेलं २ मेगाबाइटचं परिपत्रक ५० विभागप्रमुखांनी उघडलं, की तीच फाइल ५० वेळा उतरते. सेकंदाला १ मेगाबिटच्या जोडणीवर, बाकी सगळ्यांनी हात बांधून बसायचं ठरवलं तरी, तेरा मिनिटं! टपाल आवारातल्या सर्व्हरवर असतं, तर बाहेरच्या जोडणीचा एक बिटही खर्च झाला नसता. देशपातळीवरही हाच प्रकार होता. देशातली वाहतूक देशातच अदलाबदल व्हावी म्हणून नैरोबीत २००० च्या अखेरीस एक्स्चेंज उभं राहिलं, तर सरकारी टेलिफोन कंपनीच्या तक्रारीवरून नियामकाने ते बंद पाडलं. पुन्हा सुरू व्हायला २००२ उजाडलं.

पण प्राध्यापक याहूकडे गेले ते हौसेने नव्हे. आवारातला सर्व्हर वीज गेली की बंद, डिस्क भरली की पत्रं परत. आणि तो सांभाळायला तयार झालेला माणूस चांगल्या पगारावर खासगी कंपनीत. देणगीदार यंत्रं आणि बँडविड्थ आनंदाने देत. त्या माणसाचा पगार मात्र कुणाच्याच प्रकल्पात बसत नसे. माझ्या मते खरं दुखणं हे आहे, केबलचा अभाव नव्हे. आपल्याकडे १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याचा क्रम पाहा : आधी जुहूचं सॉफ्टवेअर संशोधन केंद्र एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून ईमेल, अमेरिकेशी जोडणी त्यानंतर, १९८९ मध्ये. यंत्रणा चालवणारे अभियंते संस्थांच्या पगारावर होते, म्हणून हा क्रम जमला.

आता कुणी म्हणेल, हे उपग्रहाच्या जमान्याचं रडगाणं झालं. आज सगळा विभाग व्हॉट्सअ‍ॅपवर असतो, फुकटात. मान्य. छोट्या महाविद्यालयाने स्वतःचा मेल-सर्व्हर बाळगण्याचा हट्ट धरू नये, हेही मान्य. पण विभागप्रमुख बदलले, की ग्रुपमधले निर्णय जुन्या प्रमुखांच्या फोनमध्येच राहतात. नवे प्रमुख विचारत फिरतात. शिवाय फुकट ते अ‍ॅप. डेटाचे पैसे विद्यार्थ्याच्याच खिशातून. २०२० च्या टाळेबंदीत दक्षिण आफ्रिकेत मोबाइल कंपन्यांनी विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरचा डेटा मोफत केला. ही सवलत विद्यापीठाच्या स्वतःच्या पत्त्याला मिळाली. त्या पत्त्यावर नोटिसा, नोट्स आणि प्रश्नोत्तरं असतील, तर डेटा संपलेल्या विद्यार्थ्यालाही ती वाचता येत. व्याख्यानाचा व्हिडिओ मात्र यूट्यूबवर ठेवला असेल, तर तिथे मीटर चालूच. या सवलतीतही वांधे होते. दरांच्या हिशेबात ते येतीलच.