वीज गेली तरी घर अडू नये

मैत्रिणींनो, 12 ऑक्टोबर 2020 ला ऐन सकाळी मुंबई-ठाणे-नवी मुंबईची वीज गेली होती, आठवतं ना? करंजाड्यात उंच इमारतीत राहणारीने तयारीत असलेलं बरं.

इन्व्हर्टर घेण्याआधी हिशेब मांडा. दोन पंखे 150 वॅट, चार एलईडी दिवे 36 वॅट. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची चांगली बॅटरी एवढा भार पाच-सहा तास ओढते. गीझर, इस्त्री त्यावर मुळीच नको.

बॅटरी हवेशीर जागी, देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून लांब ठेवा. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. तीत नळाचं नव्हे, डिस्टिल्ड पाणीच घाला.

आणि हो, घरच्या इन्व्हर्टरवर सोसायटीचा पंप चालत नाही! पिण्याचं पाणी नि दोन बादल्या भरलेल्या असू द्या.