तीन मिलिमीटरची वाट

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सगळ्यांच्या 'मेडिकल'मध्ये, गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा अशा लांबलांबून रुग्ण येतात. पित्ताशयाचे खडे विदर्भात फक्त वयस्कांना होत नाहीत. शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराची नोंद केली. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढतं आणि तरुण वयातच खडे धरतात.

खड्यांमुळे पित्ताशय सुजून पू झाला, तर ते काढून टाकणं हाच खरा इलाज. पण हृदय थकलेलं, मूत्रपिंडं निकामी किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरलेला असेल, तर भूल देणंच जिवावर बेततं. अशा वेळी फक्त जागा बधिर करून, सोनोग्राफीवर बघत, बरगड्यांमधून पित्ताशयात सुई घालतात. ती मुद्दाम यकृतातून नेतात. पित्ताशय यकृताला जिथे चिकटलेलं असतं तिथून आत शिरलं, तर पित्त पोटात सांडण्याचा धोका कमी होतो आणि नळीही पक्की बसते. सुईतून तार, तारेवरून नळी, ही सेल्डिंगर यांची १९५३ सालची युक्ती. नळी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. आत पोचल्यावर दोरा ओढला की तिचं टोक वेटोळं होतं, म्हणून ती सहज निसटत नाही. पू आणि पित्त तिच्यातून बाहेरच्या पिशवीत उतरतं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हा दोराच वाटतो.

मात्र ज्याला शस्त्रक्रिया झेपेल त्याला नळीवर ठेवू नये. नेदरलँड्समध्ये २०१८ साली जोखमीच्या पण शस्त्रक्रिया शक्य असलेल्या रुग्णांची तुलना झाली. मोठी गुंतागुंत नळीवाल्यांत ६५ टक्के, तर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्यांत १२ टक्के निघाली.

ज्यांना शस्त्रक्रिया कधीच झेपणार नाही, त्यांच्यासाठी दुसरी रचना आहे. एंडोस्कोपच्या टोकावरच्या सोनोग्राफीने जठरातून किंवा लहान आतड्यातून पित्ताशयात डमरूच्या आकाराचा धातूचा स्टेंट बसवतात. पित्त आतल्या आत वाहतं, पोटावर पिशवी राहत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या चाचणीत वर्षभरातले दुष्परिणाम नळीच्या गटात ७७.५ टक्के होते, स्टेंटच्या गटात २५.६. पण स्टेंट महाग असतो आणि तो बसवायला हात तरबेज लागतो.

म्हणून गावाकडे परतणाऱ्या बहुतेकांच्या कमरेला पिशवीच असते. नळी सलाइनने धुणं, पट्टी कोरडी ठेवणं, पित्ताचं माप लिहिणं हे सगळं घरच्यांवर येतं. नळी ओढली जाऊन निघाली, तर एसटीने पुन्हा नागपूर गाठायचं. माझ्या मते नळीइतकाच विचार या घरच्या आठवड्यांचा व्हायला हवा: सुटताना हातात मराठीत लिहिलेला कागद, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात पट्टी बदलणारी शिकलेली परिचारिका आणि नळी निघालीच तर फोन करायला एक नंबर. काही आठवड्यांनी नळीतून औषध सोडून एक्स-रे काढतात. पित्तनलिका मोकळी दिसली आणि नळीभोवतीची वाट घट्ट झाली असेल, तरच ती काढतात. रुग्ण तोवर सावरला असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरते.