धावा, पण उद्याही धावता येईल इतकंच

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे फोटो मोबाइलवर येऊ लागले की तुम्हालाही वाटतं, आपणही धावावं. नवे शूज येतात, पहाटेचा गजर लागतो. पहिले दोन आठवडे मजेत जातात. मग नडगी दुखू लागते, गुडघा कुरकुरतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘‘सांगितलं होतं ना, या वयात हे झेपायचं नाही.’’ आणि कपाटात गेलेले शूज पुन्हा बाहेर येत नाहीत.

बहुतेक वेळा दोष वयाचा नसतो, घाईचा असतो. नियमित धावल्यावर काही आठवड्यांतच दम वाढतो. हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र मजबूत व्हायला काही महिने लागतात. ‘अजून एक फेरी मारू’ असं वाटतं तेव्हा श्वास तयार असतो, पाय नसतात. म्हणून सुरुवातीचे ३-४ महिने सांभाळा.

बोलता येईल इतकाच वेग

धावताना सोबतच्या माणसाशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग कमी करा. नवीन असाल तर १ मिनिट हळू धावा, २ मिनिटं चाला, असं २० मिनिटं करा. आठवड्यातून ३ दिवस, एक दिवसाआड पुरे. मध्ये चालण्यात कमीपणा मानू नका. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू जेफ गॅलोवे यांनी हीच पद्धत हजारो सामान्य लोकांना शिकवली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम करावा. म्हणजे तब्येतीसाठी रोज १० किलोमीटर धावण्याची गरज नाही.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा

अंतर, वेग आणि दिवस हे तिन्ही एकदम वाढवू नका. दर तीन आठवड्यांनंतर एक आठवडा मुद्दाम थोडं कमी धावा. आठवड्यातून दोनदा पायांना ताकद देणारे व्यायाम करा. गॅसवर दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, एवढ्यानंही सुरुवात होते. रात्री ७ तासांची झोप हवीच. शरीराची दुरुस्ती झोपेतच होते.

गुडघे झिजतील का?

ही भीती घरोघरी असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधन आढाव्यात हौशी धावपटूंमध्ये खुब्याच्या आणि गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण सुमारे ३.५ टक्के, तर बैठं आयुष्य जगणाऱ्यांमध्ये सुमारे १० टक्के आढळलं. मात्र वजन बरंच जास्त असेल किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर आधी चालायला लागा आणि डॉक्टरांना विचारा.

डबा आणि बाटली

अर्ध्या तासाच्या धावण्यासाठी महागड्या पावडरी लागत नाहीत. आधी भूक असेल तर एक केळं खा. नंतर मूगडाळीचं धिरडं, मोडाची उसळ, दही किंवा अंडं असं काहीतरी प्रथिनांचं घ्या. खूप घाम आला असेल तर मीठ-साखरेचं लिंबू सरबत किंवा ताक प्या. तहान नसताना लिटरभर साधं पाणी पिऊ नका, त्यामुळे रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं.

महिलांनी आणखी एक गोष्ट पाहावी. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल आणि सतत थकवा वाटत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. जेवणाबरोबर चहा टाळा, त्यामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. वजन घटवण्यासाठी अर्धपोटी धावू नका. पाळी अनियमित झाली तर तो शरीराचा इशारा समजा.

तुमच्या शहराची हवा

दिल्लीत किंवा आसपास राहत असाल तर हिवाळ्यात निघण्यापूर्वी ‘समीर’ अॅपवर हवेचा निर्देशांक पाहा. २००च्या वर म्हणजे ‘खराब’ हवा. त्या दिवशी घरातच व्यायाम करा. मुंबई, चेन्नईच्या दमट हवेत वेग आपोआप कमी होतो, तो होऊ द्या. उन्हाळ्याची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेनं धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल. अंधारात फिकट किंवा चमकणारे कपडे घाला आणि कानातले हेडफोन काढा.

कधी थांबायचं?

दोन्ही पाय थोडे अवघडले असतील आणि चालल्यावर मोकळे होत असतील तर काळजी नको. पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारं, धावताना वाढणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी थांबा. ताप असताना धावू नका. छातीत दुखणं, भोवळ येणं, विचित्र धडधडणं हे अंगावर काढू नका, लगेच डॉक्टर गाठा. मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असेल तर सुरुवात करण्याआधीच तपासणी करा.

जालंधरजवळच्या खेड्यात जन्मलेले फौजा सिंग यांनी ८९व्या वर्षी लंडनमध्ये पहिली मॅरेथॉन पूर्ण केली. २०११ साली, पासपोर्टनुसार १०० वर्षांचे असताना, त्यांनी टोरांटोमध्ये ४२.१९५ किलोमीटर पार केले. त्यासाठी त्यांना ८ तासांहून अधिक वेळ लागला. पण ते शेवटपर्यंत पोहोचले.

तेव्हा उद्या सकाळी फक्त २० मिनिटं काढा. घरी परतताना ‘अजून थोडं जमलं असतं’ असं वाटलं तर समजा, बेत बरोबर जमला आहे. ते उरलेलं थोडं परवासाठी राखून ठेवा.