ब्रोमीन

अधातवीय मूलद्रव्य. अणुक्रमांक ३५, अणुभार ७९·९०४, वितळबिंदू −७·२° से.; उकळबिंदू ५८·८° से.; वि. गु. (२०° से. ला) सु. ३·१, इलेक्ट्रॉन विन्यास २, ८, १८, ७, संयुजा मुख्यतः १ व ५. आवर्त सारणीतील हॅलोजन गटात याचे स्थान क्लोरीन व आयोडीन यांच्यामध्ये आहे. ७९ व ८१ द्रव्यमानांकांचे याचे दोन स्थिर समस्थानिक निसर्गात जवळजवळ समप्रमाणात आढळतात. सामान्य तापमानास द्रवरूप असणारे हे एकमेव अधातवीय मूलद्रव्य होय. द्रव जड, गडद तांबडा-तपकिरी असून त्यापासून तशाच रंगाचे, घुसमटविणारे बाष्प सतत निघत असते. ब्रोमिनाचा कार्बनाशी होणारा बंध क्लोरिनाच्या तशा बंधापेक्षा दुर्बल व आयोडिनाच्या बंधापेक्षा बळकट असतो. तो नेहमीच्या परिस्थितीत टिकतो, पण उष्णता वा प्रकाश मिळताच तुटतो. कार्बनी ब्रोमीन संयुगांचे अनेक महत्त्वाचे उपयोग व त्यांतील काहींचा त्याग करावा लागण्याची कारणे, ही दोन्ही या गुणधर्मातूनच उद्भवलेली आहेत.

इतिहास : भूमध्य समुद्रकाठच्या विशिष्ट शंखांपासून मिळणारा व प्राचीन काळी राजवस्त्रांसाठी वापरला जाणारा जांभळा रंग हे ब्रोमिनाचेच एक संयुग (डायब्रोमोइंडिगो) आहे, हे पाउल फ्रीडलेंडर यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले. मूलद्रव्याचा शोध मात्र १८२६ मध्ये जाहीर झाला. आंत्वान झेरोम बालार हे तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माँपेल्ये येथे मिठागरांतील पाण्याचा अभ्यास करीत असता, मीठ काढून घेतल्यावर उरलेल्या कडवट द्रवात क्लोरीन सोडल्यास तो पिवळा होतो, असे त्यांना आढळले. या रंगाचे कारण असलेला पदार्थ त्यांनी वेगळा केला व ते नवे मूलद्रव्य असल्याचे ओळखले. त्याच सुमारास कार्ल लव्हिख या जर्मन विद्यार्थ्यानेही खनिज झऱ्याच्या पाण्यापासून तोच पदार्थ मिळविला होता; परंतु त्याचे संशोधन उशिरा प्रसिद्ध झाले. यूस्टुस फोन लीबिख यांच्या हातीही हा द्रव त्यापूर्वी आला होता, पण त्यांनी तो आयोडीन व क्लोरीन यांचे संयुग मानला. बालार यांनी सुचविलेले ‘म्यूरिड’ हे नाव फ्रेंच अकादमीच्या समितीने बदलले व ‘दुर्गंध’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आजचे नाव रूढ झाले.

आढळ : अतिशय विक्रियाशील असल्याने ब्रोमीन निसर्गात मुक्त स्थितीत आढळत नाही. त्याची ब्रोमाइडे पाण्यात अत्यंत विद्राव्य असल्यामुळे ती खडकांतून धुपून समुद्रात साठली आहेत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सु. ६५ मिग्रॅ. ब्रोमीन असते, म्हणजे एक किग्रॅ. ब्रोमिनासाठी किमान १५,००० लिटर पाणी हाताळावे लागते. मृत समुद्राच्या पाण्यात व अमेरिकेतील आर्कॅन्सॉ राज्यातील भूमिगत खारवणात हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक (लिटरला काही ग्रॅम) आहे. भारतात कच्छचे रण व गुजरातचा किनारा येथील मिठागरांत मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या द्रवापासून ब्रोमीन मिळवितात. बालार यांनी वापरलेला कच्चा माल तो हाच.

निर्मिती : पद्धतीही मूलतः बालार यांचीच आहे. क्लोरीन हा ब्रोमिनापेक्षा प्रबळ ऑक्सिडीकारक असल्याने तो ब्रोमाइडातील ब्रोमीन मुक्त करतो. खारवणात ब्रोमिनाचे प्रमाण भरपूर असल्यास ते वाफेच्या झोताने बाहेर काढून थंड करतात. प्रमाण अल्प असल्यास द्रव अम्लीय करून, क्लोरीन मिसळून त्यातून हवेचा जोरदार झोत सोडतात. अम्लीय न केल्यास मुक्त झालेल्या ब्रोमिनाची पाण्याशी विक्रिया होऊन ते वाया जाते. हवेबरोबर आलेले ब्रोमीन सोडियम कार्बोनेटाच्या विद्रावात किंवा सल्फर डाय-ऑक्साइडाच्या साहाय्याने पाण्यात शोषून घेतात. अशा संहत विद्रावापासून (पहिल्या प्रकारात अम्ल, तर दुसऱ्यात क्लोरीन वापरून) ब्रोमीन पुन्हा मुक्त करतात व ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात. हवेच्या झोताची पद्धत हर्बर्ट हेन्री डौ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विकसित केली. प्रत्यक्ष समुद्राच्या पाण्यापासून मोठ्या प्रमाणावर ब्रोमीन काढण्याचा कारखाना १९३४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यात सुरू झाला.

गुणधर्म : ब्रोमीन पाण्यात अल्प प्रमाणात (१०० ग्रॅ. पाण्यात सु. ३·५ ग्रॅ.), तर अनेक कार्बनी विद्रावकांत सहज विरघळते. जलीय विद्रावास ब्रोमीन-जल म्हणतात. अनेक धातूंशी ब्रोमिनाची प्रत्यक्ष विक्रिया होते. ॲल्युमिनियमाशी ती ज्वालेसह होते. आयोडाइडांतून ब्रोमीन आयोडीन मुक्त करते, पण क्लोराइडांतून क्लोरीन मुक्त करू शकत नाही. कार्बनी संयुगांतील द्विबंधावर ब्रोमीन सहज समाविष्ट होते व त्याचा रंग नाहीसा होतो; म्हणून असंतृप्त संयुगे ओळखण्यासाठी ब्रोमीन-जल वापरतात.

अकार्बनी संयुगे : हायड्रोजन ब्रोमाइड हा रंगहीन वायू असून त्याचा जलीय विद्राव (हायड्रोब्रोमिक अम्ल) प्रबळ अम्ल आहे. सिल्व्हर ब्रोमाइड प्रकाशाने अपघटित होते. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनात त्याचे पायस बनविले व त्यातून शंभराहून अधिक वर्षे चाललेले फिल्मचे छायाचित्रण शक्य झाले [⟶ छायाचित्रण]. पोटॅशियम ब्रोमाइड १८५७ पासून अपस्मारावर देण्यात येई, परंतु ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश (निम्मे बाहेर पडण्यास सु. १२ दिवस) निघून जात असल्याने ते साठून गुंगी, भ्रम व त्वचेवर पुरळ ही लक्षणे उद्भवत. अधिक सुरक्षित औषधे मिळताच हा उपयोग मागे पडला. पिठाची प्रत सुधारण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट कर्करोगकारक असण्याच्या शक्यतेमुळे भारतात २०१६ मध्ये अन्नातून वर्ज्य करण्यात आले.

परक्लोरेट व परआयोडेट ही संयुगे पूर्वीपासून ज्ञात असूनही परब्रोमेट दीर्घकाळ बनविता आले नव्हते व ते अस्तित्वातच असू शकत नाही, असे मानण्यासाठी सैद्धांतिक कारणेही दिली जात. १९६८ मध्ये एव्हन ॲपलमन यांनी किरणोत्सर्गी सिलिनियम असलेल्या सेलेनेटापासून ते प्रथम मिळविले. सिलिनियमाच्या अणूचे किरणोत्सर्गी क्षयाने ब्रोमिनात रूपांतर होते, तेव्हा भोवतालचे चारही ऑक्सिजन अणू काही रेणूंत जागेवरच राहतात.

कार्बनी संयुगे व त्यांचे परिणाम : शिसेयुक्त पेट्रोलात एथिलीन डायब्रोमाइड मिसळीत, त्यामुळे एंजिनात साठू शकणारे शिसे बाष्पनशील लेड ब्रोमाइडाच्या रूपाने धुराबरोबर बाहेर पडे. एंजिन स्वच्छ राही, पण शिसे हवेत जाई. भारतात असे पेट्रोल २००० मध्ये व जगात सर्वत्र २०२१ पर्यंत बंद झाले.

ज्वाला टिकून राहते ती हायड्रोजन व हायड्रॉक्सिल या मुक्त मूलकांच्या साखळी विक्रियेमुळे. तापल्यावर ब्रोमीन संयुगांतून सुटणारे ब्रोमीन ही मूलके अडवून साखळी तोडते. म्हणून आग विझविण्यासाठी हॅलॉन वायू व प्लॅस्टिके, कापड आणि विद्युत् मंडलांचे फलक यांत ज्वालारोधके वापरण्यात आली. यांपैकी काही ज्वालारोधके परिसरात दीर्घकाळ टिकतात व प्राण्यांच्या चरबीत साठतात. १९७३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात असा एक पदार्थ चुकून गुरांच्या खाद्यात मिसळला जाऊन दूध व मांस दूषित झाले व हजारो जनावरे मारावी लागली. अशा अनेक संयुगांवर स्टॉकहोम कराराखाली २००९ पासून बंदी येत गेली.

हॅलॉन व धूमनासाठी वापरले जाणारे मिथिल ब्रोमाइड ही वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचतात. तेथे अतिनील किरणांनी कार्बन-ब्रोमीन बंध तुटतो व मुक्त झालेला ब्रोमीन अणू ओझोनाचा नाश करतो. क्लोरीन अणू बऱ्याच अंशी हायड्रोजन क्लोराइडाच्या रूपात बद्ध होऊन निष्क्रिय होतात. ब्रोमिनाची तशी संयुगे सहज तुटत असल्याने तो पुन्हा पुन्हा मोकळा होतो. परिणामी अणूस अणू या हिशोबाने ब्रोमीन सु. ६० पट घातक ठरते. माँट्रिऑल करारानुसार (१९८७ व नंतरच्या दुरुस्त्या) हॅलॉनांचे उत्पादन विकसित देशांत १९९४ मध्ये व विकसनशील देशांत २०१० मध्ये थांबविण्याचे ठरले. मिथिल ब्रोमाइडासाठी या मुदती अनुक्रमे २००५ व २०१५ या होत्या. मालाच्या रोगप्रतिबंधक धूमनास मात्र सूट आहे.

आज ज्वालारोधकांखेरीज तेलविहिरी खोदताना वापरावयाचे जड विद्राव, टायरांच्या आतील थराचे रबर, औषधे व जलशुद्धीकरण यांसाठी ब्रोमीन वापरले जाते.

शारीरिक परिणाम : ब्रोमीन द्रवाने त्वचेवर खोल व सावकाश भरून येणाऱ्या जखमा होतात, बाष्प डोळे व श्वसनमार्ग यांचा दाह करते. द्रव अंगावर पडल्यास ती जागा ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावी लागते. ब्रोमीन शरीरास अनावश्यक आहे, असा समज दीर्घकाळ होता. मात्र फळमाश्यांवरील प्रयोगांवरून, ऊतकांना आधार देणाऱ्या एका प्रकारच्या कोलॅजनातील बंध जुळण्यासाठी ब्रोमाइड आवश्यक असते, असे २०१४ मध्ये दिसून आले.